द्रुपदाबाईंची जन्मरेषा

दोन हजार एक्कावन्न सालच्या पहिल्याच सकाळी द्रुपदाबाई घुगे आपल्या रोपवाटिकेत सीताफळाच्या रोपांना पाणी घालत होत्या, तेव्हा तालुक्याहून एक गाडी आली. गाडीतून उतरलेल्या तरुण अधिकाऱ्याच्या एका हातात शाल होती, दुसऱ्या हातात फुलांचा गुच्छ. मागे फोटो काढणारा माणूस.

"आजी कुठे आहेत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"कोणती आजी?"

"द्रुपदाबाई भानुदास घुगे. आज त्यांना एकशे एक्कावन्न वर्षं पूर्ण झाली. सत्कार आहे त्यांचा."

द्रुपदाबाईंनी झारी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "मीच ती. द्या शाल."

तेवढ्यात त्यांचे यजमान भानुदास गोठ्यातून बाहेर आले. प्रकार कळल्यावर ते खाटेवर बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मी अडुसष्ट वर्सांचा, साहेब! माझं लगीन कुणासंगं लावलं म्हणायचं मग?"

अधिकारी बिचारा नवा होता. बाई एकशे एक्कावन्नच्या नाहीत हे त्यालाही दिसत होतं, पण हुकूम वरून आला होता, आणि वर म्हणजे माणूस नव्हता, 'आरोग्यगाथा' ही संगणकप्रणाली होती. तिच्याशी वाद कसा घालायचा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने बाईंना शाल पांघरवली, फोटो काढून घेतला, चहा पिऊन तो गेला. बालाघाटाच्या माथ्यावरची ती सगळी वाडी आठवडाभर हसत होती.

मग त्याच प्रणालीकडून दुसरा निरोप आला, आणि घरातलं हसू थांबलं.

द्रुपदाबाईंची नजर गेल्या दोन वर्षांत अधू होत चालली होती. समोरच्या माणसाचे कान, खांदे दिसत, पण चेहऱ्याच्या जागी धुक्याचा गोळा. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या, मधोमध असलेल्या पेशी मरत होत्या. सीताफळाची कलमं बांधण्यात उभ्या पट्ट्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. आता त्या बोटांनी चाचपून काप घेत, आणि गेल्या हंगामात निम्मी कलमं वाळून गेली होती. त्यावर नवा उपचार निघाला होता. रुग्णाच्याच रक्तातून पेशी घ्यायच्या, त्यांना प्रयोगशाळेत डोळ्याच्या पेशी व्हायला शिकवायचं, आणि पडद्यामागे नेऊन लावायच्या. मात्र जुन्या पेशी थोड्या तरी जिवंत असताना हे व्हायला हवं, कारण नव्या पेशी त्यांचाच आधार घेऊन रुजतात. जिल्ह्याच्या नेत्रकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, "पावसाळ्याच्या आत करून घ्या. पुढे मी शब्द देणार नाही."

उपचार सत्तर वर्षांपर्यंतच्या माणसांना होता. प्रणालीने द्रुपदाबाईंचा अर्ज वाचला आणि कळवलं, वय पात्रतेबाहेर.

"एक्क्याऐंशी वर्षांनी बाहेर गेलीस की गं," भानुदास म्हणाले. पण या वेळी ते हसले नाहीत.

त्यांनी तक्रार टाकली. पंधरवड्यात 'आरोग्यगाथा'च्या कचेरीतून एक मुलगी स्वतः वाडीवर आली. यामिनी सांगळे तिचं नाव. जुन्या नोंदींचे साठे नव्या प्रणालीत वाचून घेणारा संगणकी कार्यक्रम ज्या गटाने लिहिला होता, त्यात ती होती. पायातले बूट काढून ती ओट्यावर बसली आणि तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "मावशी, तुम्हाला एकशे एक्कावन्नचं आम्ही केलं."

"का गं बाई? काय वाकडं केलं होतं मी तुमचं?"

यामिनी हसली. मग तिने समजावून सांगितलं. द्रुपदाबाईंची तीन जुनी कार्डं होती. एकावर जन्मतारीख एक जून, कारण शाळेत घालताना गुरुजी सगळ्याच पोरांना एक जून लावत. दुसऱ्यावर एक जानेवारी, कुठल्याशा आरोग्य शिबिरातली. तिसऱ्यावर एकतीस जून.

"जूनला एकतीस दिवस असतात व्हय?" भानुदासांनी विचारलं.

"नसतात, काका. पण लिहिणाऱ्याने लिहिले. वर्षंही तिन्ही वेगळी. ही कार्डं एकत्र करताना काही जुळेना, म्हणून कुणीतरी दिवसाच्या जागी शून्य, महिन्याच्या जागी शून्य आणि वर्षाच्या जागी शून्य ठेवलं. म्हणजे 'माहीत नाही'. इथवर बरोबर होतं. पण आमचा कार्यक्रम तो साठा वाचायला गेला तेव्हा त्याला 'माहीत नाही' हे उत्तर घेताच येईना. शून्यावा महिना जगात नसतो ना. अडून बसू नये म्हणून त्याला सांगून ठेवलं होतं की तारीख वाचता आली नाही तर तुझ्याकडची सगळ्यात पहिली तारीख घाल. ती होती एक जानेवारी एकोणीसशे."

द्रुपदाबाईंनी थोडा विचार केला. "म्हंजी ठाव नव्हतं तर गप बसायचं, ते सोडून त्यानं थाप मारली."

"अगदी तसंच. आणि एकट्या तुमच्याबद्दल नाही. राज्यात लाखभर माणसं त्या दिवशी एकशे एक्कावन्नची झाली. बऱ्याच तालुक्यांत शाली कमी पडल्या म्हणून हे लक्षात आलं."

आता दोघंही हसले. चहा झाला. द्रुपदाबाई म्हणाल्या, "मग टाक ना तो एक जून. सगळ्या गावाचा तोच हाय."

"नाही टाकता येत. आता नियम झालाय. कोरी जागा भरायची तर पुरावा हवा. जन्माचा कागद, नाहीतर जन्माच्या वेळी हजर असलेल्या माणसाची साक्ष. तुमच्या आई आहेत का?"

द्रुपदाबाईंनी रिकामा कप बाजूला सारला. "हाये," त्या म्हणाल्या. "दगडूकडं असती, माझ्या भावाकडं. पण तिला मी इचारायला जाणार न्हाई. दुसरं काही असंल तर सांग."

"दुसरं आहे," यामिनी जपून म्हणाली. "दंतवाचन."

परत निघताना भानुदासांनी तिला गाडीपाशी गाठून सगळं सांगितलं. द्रुपदाबाईंचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की बैलगाडी जुंपून कृष्णाकाठी, सांगलीकडच्या फडांवर, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत. द्रुपदाला वाढवलं तिच्या भामाआत्याने, इथे डोंगरावर. आत्या सांगायची, तुझ्या आईने तुला जन्मली तशी माझ्या ओटीत टाकली आणि ती उसाला निघून गेली. पाठच्या दगडूला मात्र तिने बरोबर नेलं. "तेवढं एक तिच्या मनातनं जात न्हाई बघा," भानुदास म्हणाले. "लग्नकार्यात गाठ पडती, पाया पडती, पण बोलत न्हाई. पासष्टी आली तरी."

लातूरला डॉक्टर नसीम पटवेकरांची प्रयोगशाळा होती. फेब्रुवारीत एके सकाळी भानुदास द्रुपदाबाईंना तिथे घेऊन गेले. यामिनीही आली. नसीमबाई साठीच्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या आणि गप्पिष्ट. द्रुपदाबाईंची दाढ पाहून त्या खूष झाल्या.

"काय दाढ आहे! अशी हल्लीच्या पोरांची नसते."

"उसानं झाली," द्रुपदाबाई म्हणाल्या. "आत्या रोज करवा द्यायची चघळायला."

नसीमबाईंनी समजावलं ते असं. पहिली दाढ हिरडीत घडायला लागते ती बाळ आईच्या पोटात असतानाच. तिच्यावरचं पांढरं कवच रोज एक थर असं चढतं. तो थर केसाहून कितीतरी बारीक, पण रोजचा एक, झाडाच्या खोडात वर्षाचं एक वर्तुळ असतं तसा. बाळ जन्मतं त्या दिवशी शरीराला एवढा धक्का बसतो की तिथे एक ठळक रेघ उमटते. ती जन्मरेषा. तिच्यापासून पुढे मोजत गेलं की कुठला थर कितव्या दिवसाचा ते कळतं.

"पण त्यानं दिवस मोजता येतील," भानुदास म्हणाले. "साल कसं कळायचं?"

"काका, तुम्ही माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर विचारलंत. साल पाण्यावरून. आपण पितो ते पाणी त्या थरात उतरतं. पावसाचं पाणी दर वर्षी थोडं वेगळं असतं. दुष्काळी सालचं जड, भरल्या सालचं हलकं. विहिरीचं वेगळं, नदीचं वेगळं. दाढेत तीन वर्षांचं पाणी साठलेलं असतं. तीन वर्षांचा तो चढउतार आम्ही जुन्या पावसाच्या नोंदींशी जुळवून पाहतो. कुठेतरी एकाच जागी तो फिट्ट बसतो. ते साल."

यंत्र कानाजवळ भुंगा घोंगावल्यासारखं वाजलं, किरणांनी दाढेवरून एक कण उचलला, इतका लहान की द्रुपदाबाईंना कळलंही नाही. दुपारपर्यंत थांबायला सांगितलं. तिघांनी खालच्या खाणावळीत भाकरी आणि झुणका खाल्ला. यामिनीला मिरची झोंबली, तिचे डोळे वाहायला लागले, आणि द्रुपदाबाईंनी स्वतःच्या ताटातला गूळ तिच्या हातावर ठेवला.

वर गेल्यावर नसीमबाईंचा चेहरा उजळलेला होता. "सापडलं. एकोणीसशे शहाऐंशी. फेब्रुवारी. चार ते बारा तारखेच्या दरम्यान. याहून बारीक आम्हाला नाही सांगता येत. जन्म कृष्णाकाठचा."

"कुठला?" द्रुपदाबाईंनी विचारलं.

"कृष्णाकाठचा. नदीचं पाणी आहे ना. हे बघा," त्या पडद्याकडे बोट दाखवू लागल्या आणि द्रुपदाबाईंना ते दिसणार नाही हे लक्षात येऊन त्यांनी हात खाली घेतला. "बाई, मी सांगते, तुम्ही ऐका. तुम्ही जन्मलात ते नदीकाठी. मग उन्हाळ्यात डोंगराचं विहिरीचं पाणी. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा नदी. उन्हाळ्यात पुन्हा डोंगर. तिसऱ्या हिवाळ्यात पुन्हा नदी. आणि या सगळ्या काळात तुमच्या दातात आईच्या दुधाची खूण आहे. दूध पिणाऱ्या बाळाच्या दातात एक धातू वेगळ्या प्रमाणात उतरतो, त्यावरून ते कळतं. तिसऱ्या हिवाळ्यात एक फार जाड काळी रेघ आहे. खूप मोठं आजारपण. वाचलात हे नवलच. त्यानंतर एकदम विहिरीचं पाणी, भर हिवाळ्यातही. तिथून पुढे नदी नाही आणि दूधही नाही."

 यामिनीला आधी कळलं नाही, मग भानुदासांनी गाडीपाशी सांगितलेलं आठवलं आणि तिने द्रुपदाबाईंचा हात धरला.

"तिसऱ्या हिवाळ्यापातुर?" द्रुपदाबाईंनी हळूच विचारलं. "दूध?"

"हो."

"दुसऱ्या कुणा बाईचं असंल."

"कृष्णाकाठी असताना आणि डोंगरावर असताना, दोन्हीकडे? आत्या तर डोंगरावरच होती ना तुमची?" यामिनीने विचारलं.

 द्रुपदाबाई उठल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला. दगडूकडं जायचंय."

दगडूचं घर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. ते पोहोचले तेव्हा उन्हं कलली होती. चौऱ्याऐंशीच्या ठकूबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. लेक येताना पाहून त्यांनी सूप बाजूला केलं, पण उठल्या नाहीत. उठून पुढे व्हायची सवयच राहिली नव्हती.

द्रुपदाबाई चाचपडत जवळ गेल्या आणि मातीतच समोर बसल्या. "माय, मी कुठं जन्मले?"

म्हातारीने जावयाकडे पाहिलं, मग लेकीकडे. "आता हे काय काढलंस?"

"सांग की."

"कृष्णाकाठी. फडात. दुपारच्याला मोळ्या बांधत हुते आन पोटात कळ आली. पाचटाच्या कोपीपातुर बी जाता आलं न्हाई. उसाच्या शेंड्यांची वाढं टाकली खाली, तुझ्या बापानं धोतर आडवं धरलं. शेवंता मांगीण हुती संगं, तिनं कोयता जाळावर तापवून नाळ कापली. मुकादमानं अर्धा दिस सुट्टी दिली." ठकूबाई एका दमात बोलल्या. हे सगळं जिभेवर कधीपासून तयार असावं.

"मला आत्यापाशी कधी ठिवलंस?"

"तिसऱ्या साली. तुला ताप चढला. रात रात आचके देत हुतीस. कोपीत थंडी, वर उघडं. डॉक्टर म्हणला, हिला फडात ठिवली तर जगायची न्हाई. मी गाडीत घालून तुला हितं आणली आन वन्संच्या ओटीत दिली. माघारी जाताना..." म्हातारीने सुपातली एक शेंग उचलून फोडली. "दूध दाटलं हुतं. आठ दिस पिळून मातीत टाकलं."

 द्रुपदाबाई म्हणाल्या, "का सांगितलं न्हाईस गं?"

"सांगितलं हुतं एकडाव. तू धा-बारा वरसाची हुतीस. तू म्हणालीस, माझी आत्या काय खोटं बोलती? मग म्या म्हणलं, जिनं वाढवली तिला खोटी कशाला पाडू. तिला लेकरू नव्हतं. तुला कुणी न्हेईल म्हणून भ्यायची ती. राहू दिलं."

शेंगांच्या टरफलांवर बसूनच द्रुपदाबाईंनी आईच्या मांडीत डोकं घातलं. पासष्ट वर्षांची बाई आणि चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, दोघी रडल्या आणि मधेच हसल्या. दगडू आणि भानुदास उगीचच गोठ्यातली बैलं बघायला गेले. दगडूकडे बैल नव्हते, ट्रॅक्टर होता.

चार दिवस द्रुपदाबाई तिथेच राहिल्या. पाचव्या दिवशी यामिनीचा फोन आला.

"मावशी, एक अडचण आहे. प्रणालीत जन्मतारखेची जागा एकाच तारखेची आहे. 'चार ते बारा' ती घेत नाही. आमचे हर्षे सर म्हणतात मधली टाकू, आठ फेब्रुवारी. मी म्हटलं, मग आपण पुन्हा बनावट तारीख घालणार. उद्या दुसऱ्या कार्डाशी जुळली नाही की पुन्हा शून्य. त्यावर ते म्हणाले, सोपा मार्ग आहे. आई हजर होती ना? आईने साक्ष द्यावी की अमुक तारीख. आजच्या आज नोंद होईल, आणि पुढच्या महिन्यात डोळ्यांचं काम."

भानुदासांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. ठकूबाई लगेच म्हणाल्या, "मग त्यात काय? सांगते की. आठ म्हणू का नऊ?"

"तुला ठाव हाय व्हय, माय?" द्रुपदाबाईंनी विचारलं.

"तारीख? ती कुणाला ठाव. आमी काय पंचांग घिऊन गेलो हुतो? पर तुझे डोळे बरे होत असतील तर धा तारखा सांगते."

 भानुदास कुजबुजले, "अगं हो म्हण. पावसाळ्याच्या आत व्हायला पायजे."

"न्हाई," द्रुपदाबाई म्हणाल्या. "यामिनी, ऐक. ह्या बाईला म्या जन्मभर खोटी ठरवली. आता कुठं तिचं खरं निघालंय. आता तिच्याच तोंडून म्या खोटं वदवून घिऊ? माझ्या डोळ्यांसाठी? न्हाई जमायचं. नऊ दिसातला कुठलातरी एक, एवढं खरं हाय. तेवढंच लिहा. तुमच्या यंत्राला येत नसंल तर त्याला शिकवा. म्या थांबते."

फोन ठेवल्यावर भानुदास दोन दिवस बायकोशी धड बोलले नाहीत. रागाने नव्हे, भीतीने.

यामिनी त्या रात्री नीट झोपली नाही, पण तिला बरं वाटत होतं. कॉलेजातून बाहेर पडल्यापासून तिने नोंदी वाचल्या, जुळवल्या, दुरुस्त केल्या होत्या. "शिकवा, मी थांबते" असं तिला कुणी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

तिने तारखेचा साचाच बदलला. आतापर्यंत तारीख म्हणजे एक ठिपका. तिने तो पट्टा केला. अलीकडची कड आणि पलीकडची कड. पूर्ण तारीख माहीत असेल तर दोन्ही कडा एकाच दिवशी येतील. नुसतं साल माहीत असेल तर पट्टा वर्षभराचा. काहीच माहीत नसेल तर पट्टा उघडा, आणि प्रणालीने माणसाला विचारायचं, स्वतः काही घालायचं नाही. एकतीस जूनसारखं काही आलं तर ते फेकायचं नाही, लिहिलं तसं बाजूला जपायचं, कारण लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा जूनचा शेवट असणार.

दोनशे ओळींचंही काम नव्हतं. अवघड होतं ते हर्षे सरांना पटवणं.

दिगंबर हर्षे पंचवीस वर्षं साठे सांभाळत आलेले. माणूस वाईट नव्हता, पण रात्री तीन वाजता बंद पडलेल्या प्रणाली त्यांनी पाहिल्या होत्या. "पट्टा कसा चालेल?" ते म्हणाले. "वय विचारलं तर काय सांगणार? पासष्टही आणि चौसष्टही?"

"कधीकधी हो, सर. पण आपण वय विचारतो कशाला? हा माणूस या उपचाराला पात्र आहे का, एवढं कळायला. मावशींच्या पट्ट्यातली कुठलीही तारीख घ्या, चार घ्या, बारा घ्या, त्या सत्तरच्या आतच आहेत. सगळ्या तारखांचं उत्तर एकच येत असेल तर नेमकी तारीख कळायची गरजच काय?"

"आणि उत्तरं वेगवेगळी आली तर?"

"तर प्रणालीने थांबायचं आणि माणसाकडे पाठवायचं. करून बघितलंय. त्या लाखभर एकशे एक्कावन्नांवर चालवलं. ज्यांच्याबद्दल थोडं तरी काही माहीत आहे, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच येतं. थांबावं लागतं ते थोड्यांसाठी."

हर्षे खुर्ची ओढून तिच्या पडद्यासमोर बसले. त्यांनी एक नोंद उघडली, दुसरी उघडली. मुद्दाम वाकडी उदाहरणं शोधून घातली. एकोणतीस फेब्रुवारी, जो त्या वर्षी नव्हता. तेरावा महिना. नुसतं 'दुष्काळात' असं लिहिलेली एक जागा. कार्यक्रम कुठेच अडला नाही आणि कुठेच थाप मारली नाही.

"'दुष्काळात'चं काय केलंस?"

"कुठला दुष्काळ ते विचारलंय, सर. गावाला."

हर्षे मोठ्याने हसले. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "आपण इतकी वर्षं रिकाम्या जागांना घाबरत होतो," ते म्हणाले. "सोमवारी चालू कर. आणि त्या तुझ्या मावशीची नोंद पहिली."

एप्रिलमध्ये द्रुपदाबाईंच्या डोळ्यांवर उपचार झाले. पुढे काही आठवडे पट्टी, थेंब, आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहणं. ठकूबाई लेकीजवळ येऊन राहिल्या. दिवसभर दोघी बोलत. राहून गेलेलं बोलणं एवढं होतं की भानुदासांना जेवण वाढून घ्यायची आठवण कुणी करून देईना, ते स्वतःच स्वयंपाक करायला लागले आणि त्यांचं पिठलं दर दिवसाला सुधारत गेलं.

पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय दिसतंय?"

द्रुपदाबाईंनी समोर पाहिलं. धुक्याच्या गोळ्यातून हळूहळू एक चेहरा वर आला. "अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मिशा काळ्या करता तुम्ही?"

"दोन वरीस झाले," भानुदास लाजून म्हणाले. "तुला दिसत नव्हतं म्हणून बोललो न्हाई."

मग त्या आईकडे वळल्या. इतक्या जवळून, इतका वेळ, त्यांनी आईला कधीच पाहिलं नव्हतं. नजर चांगली होती तेव्हा पाहावंसं वाटलं नव्हतं. गोंदण, भुवया, वरच्या ओठावरचा लहानसा व्रण, सगळं त्या बघत राहिल्या. ठकूबाई अवघडल्या. "काय बघतीस एवढं?"

"माझं नाक कुणावर गेलंय ते."

"बापावर गेलंय," म्हातारी म्हणाली. "माझं बरं हाय."

घरी जायच्या आधी द्रुपदाबाईंनी आपली जन्माची जागा बघायचा हट्ट धरला. यामिनीने गाडी आणली आणि चौघं कृष्णाकाठी गेले. उसाचा हंगाम संपला होता. फडांतून आता माणसं नव्हती, तोडणीची यंत्रं शेडमध्ये उभी होती, आणि नदीकडेने नवा रस्ता गेला होता. ठकूबाई गाडीतून उतरल्या, काठी टेकत इकडे तिकडे पाहू लागल्या.

"हितं एक पिंपळ हुता," त्या म्हणाल्या. "आन त्या अंगाला आमच्या कोप्या. का त्या अंगाला?" थोडं चालल्या, परत आल्या. "द्रुपदे, नेमकं न्हाई गं सांगता येत. हितनं त्या पाण्याच्या टाकीपातुर कुठंतरी."

"चालंल की," द्रुपदाबाई म्हणाल्या.

त्यांनी चपला काढून यामिनीच्या हातात दिल्या. नुकत्याच नांगरलेल्या रानात त्या उतरल्या आणि टाकीच्या दिशेने चालायला लागल्या. ढेकळं, पाचटाचे तुकडे, दूर पाण्यावर उतरलेले बगळे, सगळं त्यांना एक एक करून दिसत होतं. पावलं आपोआप भरभर पडायला लागली. रान संपेपर्यंत त्या जवळजवळ पळतच होत्या.

मागून आईची हाक आली, "हळू गं पोरी, पडशील!"